दोन नावांचा अर्ज

१७ जून २०२५, मंगळवार

ओगावा-सान म्हणाले, रोज चार ओळी लिहायच्या. भाषा कोणतीही चालेल, ते वाचणार नाहीत. "तुमचा हात गंजलाय. निबंध डोक्याने लिहीत नाहीत, हाताने लिहितात." म्हणून ही वही. येताना शंभर येनच्या दुकानातून घेतली.

ओगावा-सान अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं शाळेत जपानी शिकवत होते. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या डे सेंटरला येतात. मी तिथे तीन वर्षं मदतनीस आहे. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, जेवताना शेजारी बसायचं, चार वाजता गाडीत बसवून घरी पाठवायचं. निशी-कसाईच्या आमच्या घरापासून सायकलने बारा मिनिटं.

आज माझ्या एप्रनच्या खिशातून नर्सिंग शाळेचं माहितीपत्रक पडलं, ते नेमकं त्यांच्या चाकाच्या खुर्चीखाली गेलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, त्यातली एक छपाईची चूक दाखवली आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं, अजून ठरवलेलं नाही. "ते मी विचारलं नाही," म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये आहे, निबंध आणि मुलाखत. तीन वर्षांचा कोर्स. नोकरी-संसार केलेल्या मोठ्या माणसांसाठी दहा जागा असतात. गेल्या वर्षी एकसष्ट अर्ज आले होते. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. माझा नवरा चंद्रहास, त्याला जाऊन तेरा महिने झाले.

चार ओळींपेक्षा जास्त झालं.

२२ जून, रविवार

दुपारी नेहमीप्रमाणे सासूबाईंचा फोन. त्या चिंचवडला एकट्या राहतात. पोस्टातून निवृत्त झाल्या, त्यामुळे वेळेच्या पक्क्या. अडीच म्हणजे अडीच. हवा कशी, जेवलात का, नुपूरचा अभ्यास, ठेवते. सहा मिनिटं. चंद्रहास होता तेव्हा पाऊण तास चालायचा फोन, आता आम्हा दोघींना काय बोलावं ते सुचत नाही.

आज एक वाक्य जास्त होतं. मधली खोली रंगवून घेतली म्हणाल्या. म्हणजे आम्ही परत यावं असं त्यांच्या मनात आहे. नर्सिंगचं मी काही बोलले नाही. बी.कॉम. झालेली सून लोकांची बेडपॅन उचलायला जाणार, हे त्यांना कसं सांगायचं.

नुपूरला मात्र सांगितलं. ती माझी मुलगी, चौदा वर्षांची. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते. "बेत्सुनि," म्हणाली. म्हणजे ठीक, माझं काही म्हणणं नाही. पंधरा मिनिटांनी खोलीतून विचारलं, "युनिफॉर्म असतो का?"

५ जुलै, शनिवार

शाळा बघायला गेलो. आज सगळ्यांना खुली होती. सगळ्या अठरा वर्षांच्या मुली, बरोबर त्यांच्या आया. मी नुपूरला सोबत नेलं ही चूक झाली. दारातल्या बाईंनी अर्जदाराची गुलाबी फीत नुपूरला लावली आणि मला पालकांच्या रांगेत बसवलं. नुपूर एक शब्द बोलली नाही. तिने पुतळ्याचा रक्तदाब घेतला, तिथल्या विद्यार्थिनींना दोन प्रश्न विचारले, आणि पुढच्या वर्षी नक्की या असं निमंत्रणही घेतलं.

मी पालकांच्या खोलीत चहा प्यायले. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमची मुलगी फार शांत आहे, नर्सला शोभेल. मी हो म्हटलं.

निघताना मी काउंटरवर जाऊन सांगितलं की अर्ज मला करायचा आहे. त्या बाई इतक्या वेळा वाकल्या की मलाच वाईट वाटलं. नुपूर घरी येईपर्यंत ती फीत लावून होती.

१८ जुलै, शुक्रवार

पहिला निबंध ओगावा-सानना दाखवला. विषय: मला नर्स का व्हायचं आहे. जपानमध्ये वृद्धांची संख्या वाढते आहे, मनुष्यबळ कमी आहे, समाजाला हातभार लावायची इच्छा आहे, असं लिहिलं होतं. आठशे अक्षरं बरोबर.

त्यांनी लाल पेन मागवलं. एकाही ओळीखाली रेघ मारली नाही, सबंध कागदावर एकच मोठी फुली मारली.

"हे कोण बोलतंय? वॉर्ड ऑफिस?"

मी म्हटलं, यात चूक काय आहे.

"काहीच नाही. म्हणून तर."

९ ऑगस्ट, शनिवार

छत्तीस अंश. सहावा निबंधही लाल. ओगावा-सान म्हणतात, वॉर्ड ऑफिसातून माझी बदली आता जिल्हा ऑफिसात झाली आहे, ही प्रगती आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज सुट्टी. अर्जाआधी कागदपत्रं तपासून देतात म्हणून शाळेत गेले. काउंटरवर काताओका-सान नावाचे गृहस्थ आहेत, पन्नाशीचे, बाह्यांना काळी कव्हरं घातलेली.

बारावीचं मूळ प्रमाणपत्र दिलं. ते बाबांनी तेव्हाच लॅमिनेट करून आणलं होतं. काताओका-साननी ते उलटं-सुलटं केलं, उजेडासमोर धरलं आणि विचारलं, यातून कागद बाहेर कसा काढायचा. मी म्हटलं, काढायचा नसतो. आमच्याकडे असंच करतात, खराब होऊ नये म्हणून. त्यांनी ते मोठ्या आदराने टेबलावर ठेवलं.

मग पासपोर्ट शेजारी ठेवला. त्यांनी दोन्हींवरची नावं आळीपाळीने वाचली.

"हे प्रमाणपत्र आपल्या बहिणीचं आहे का?"

प्रमाणपत्रावर सरिता विश्वनाथ परचुरे. पासपोर्टवर अनघा चंद्रहास देवस्थळी. मी इतकी वर्षं दोन्ही नावं लिहिली, पण शेजारी शेजारी कधी बघितली नव्हती. एकही शब्द सारखा नाही.

मी समजावलं. लग्नानंतर आडनाव बदललं. ते त्यांना लगेच कळलं, इथेही बदलतात. मधलं नाव वडिलांचं होतं, ते नवऱ्याचं झालं. हे त्यांनी कागदावर बाण काढून समजून घेतलं. मग म्हणाले, "आणि पहिलं?"

"तेही लग्नात बदललं."

"का?"

"पद्धत आहे."

"म्हणजे आपलं नाव... आपलं स्वतःचं?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझी दया आली की नियमावलीची, ते कळलं नाही. शेवटी म्हणाले, या दोघी एकच आहेत असं सांगणारा सरकारी कागद हवा, मूळ प्रत. त्याशिवाय बारावी पास झालेली बाई अर्जच करत नाहीये आणि अर्ज करणारी बाई बारावी पास नाही. १० ऑक्टोबर शेवटची तारीख.

असा कागद आहे. लग्नानंतर राजपत्रात जुनं-नवं नाव छापून आणलं होतं. तो चिंचवडला आहे, सासूबाईंच्या कपाटात.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री. सासूबाईंनी चंद्रहाससाठी पान वाढलं होतं, सगळं त्याच्या आवडीचं. फोनवर मला एकेक पदार्थ सांगितला. खीर किंचित लागली म्हणाल्या, पण त्याला तशी चालायची.

मग मी सांगून टाकलं.

"आई, माझं नाव बदललेलं राजपत्र हवंय."

"कशाला गं?"

"अर्ज करायचाय. नर्सिंगच्या शाळेत."

 त्यांनी पंखा बंद केला, खटका ऐकू आला.

"नर्स म्हणजे ती आपली, केस धुवायची तशी?"

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. चंद्रहास आजारी असताना त्या तीन महिने इथे होत्या. एकदा वॉर्डातल्या नर्सने त्याचे केस धुतले तेव्हा आम्ही दोघी खोलीत होतो. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यांना लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं.

"हो," म्हटलं, "तशी."

"बघते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार मिनिटंच झाली होती. रागावल्या असाव्यात.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी एकच्या सुमाराला सासूबाईंचा फोन. बुधवारी. काहीतरी वाईट बातमी असणार वाटलं, पण राजपत्र सापडलं होतं. तीन दिवस कपाट उपसत होत्या. "चंद्याच्या बारावीच्या मार्कलिस्टमागे होतं. उद्या कुरिअर करते. रजिस्टर पोस्टानेच पाठवलं असतं, पण आता आमच्या वेळचं पोस्ट राहिलं नाही."

मी आभार मानले. त्या फोन ठेवेनात.

"एक सांगायचं होतं."

"बोला ना."

"तुझं नाव त्याने नाही ठेवलेलं. मी ठेवलं."

मी गॅस बंद केला.

"तो म्हणाला होता, सरिता चांगलं आहे, राहू दे. मीच म्हटलं, आमच्यात बदलतात. माझंही बदललं होतं, मी प्रभावती होते. आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दिलं त्याला, तांदळात हे काढ म्हणून. काढलं बिचाऱ्याने. आज तो कागद हातात घेतला, तर वाटलं, सांगावं."

"बरं आई," म्हटलं. 

आता संध्याकाळ झाली आहे आणि मी अजून ओट्याशी बसले आहे. मला एकोणीस वर्षं वाटत होतं की ते नाव त्याने माझ्यासाठी शोधलं. तो मला नावाने हाक मारायचा नाही. "ऐक गं", "अगं", नाहीतर नुसता समोर येऊन उभा राहायचा. मी समजायचे, लाजतो. एकदा मुद्दाम म्हटलं होतं, नावाने हाक मार की. तर हसून म्हणाला होता, "हाक न मारता येतेस ना?"

नुपूरला हे सांगितलं. ती खूप हसली. "पपा चीटिंग करत होते. टेस्टमध्ये कॉपी केली." मग म्हणाली, "मग आता तुला काय म्हणू?" मम्मीच म्हण, म्हटलं.

राग आलाय का, ते बघितलं. थोडा आहे. पण मीही दोनदा हसले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसऱ्याच्या दिवशी कुरिअर आलं. राजपत्राच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं. आत कागदाच्या पुडीत अक्षता. शाळेने स्पष्ट लिहिलं आहे की कागदपत्रांवर डाग, खाडाखोड, पांढरी शाई काही चालणार नाही.

नुपूर म्हणाली पुसून बघू. पुसलं तर पसरेल. तसंच ठेवलं.

अर्ज हाताने, काळ्या शाईने भरायचा. एक अक्षर चुकलं की नवा फॉर्म. चार फॉर्म आणले होते. पहिल्यात तारीख जपानी सालाऐवजी इंग्रजी लिहिली. दुसऱ्यात नवऱ्याच्या रकान्यात "कंपनीत नोकरी" लिहून गेले. लिहून झाल्यावर लक्षात आलं. तो फॉर्म फाडला नाही, ठेवून दिला. तिसरा चांगला झाला.

६ ऑक्टोबर, सोमवार

काताओका-साननी राजपत्र भिंगाखाली घेतलं. सोबत मी केलेलं जपानी भाषांतर. जुनं नाव, नवं नाव, दोन्हींवर बोट ठेवून पडताळलं. मग कोपऱ्यांकडे वळले.

"हा लाल शिक्का कोणाचा?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "सासूबाईंचा," म्हटलं.

"चारही ठिकाणी?"

"हो. त्या फार काटेकोर आहेत."

त्यांनी मान डोलावली, त्यांना ते आवडल्यासारखं वाटलं. वहीत काहीतरी नोंदवलं. परीक्षा क्रमांक सत्तावीस.

सासूबाईंना मेसेज केला, अर्ज घेतला. उत्तर आलं, "घेणारच. जेवलीस का."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अकरावा निबंध. या वेळी समाज, मनुष्यबळ काही लिहिलं नाही. सासूबाईंनी आठवण काढल्यापासून ते केस धुणं डोक्यात होतं, तेवढंच लिहिलं.

चंद्रहासचं बोलणं शेवटचे नऊ दिवस बंद होतं. तो ऐकतो की नाही, डॉक्टरही सांगू शकत नव्हते. मोरिता-सान नावाची नर्स होती, पंचविशीची असेल. तिने उशीवर प्लास्टिक पसरलं आणि त्याला म्हणाली, देवस्थळी-सान, आता कोमट पाणी घालते, उजव्या कानाकडून. आता साबण. आता मागची बाजू, मान जरा उचलते हं. प्रत्येक वेळी थांबायची, त्याने हो म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग केस पुसून कंगवा घेतला आणि भांग कुठल्या बाजूला पाडायचा, ते सासूबाईंना खुणेने विचारलं. त्यांनी डावीकडे दाखवला. झाल्यावर तिने आरसा आणून त्याच्यासमोर धरला. मला तेव्हा वाटलं होतं, आरसा कशाला.

ओगावा-साननी वाचलं. लाल पेनने एक स्वल्पविराम काढला. मग चष्मा पुसला आणि चहा मागितला. ते या वेळेला कधी चहा घेत नाहीत. चहा येईपर्यंत खिडकीबाहेर सायकली मोजत बसले.

"वॉर्ड ऑफिस बंद झालं," म्हणाले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

नुपूरने मुलाखतीची तालीम घेतली. नववीत जायच्या आधीच त्यांना शाळेत हे सगळं शिकवतात म्हणे. दार तीनदा वाजवायचं, दोनदा नाही, दोनदा संडासाचं असतं. खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. बसा म्हणेपर्यंत बसायचं नाही. ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलामागे चंद्रहासचा टाय लावून बसली होती.

"मम्मी, तू जपानी बोलताना आवाज का बदलतेस? फोनवरच्या मशीनसारखा होतो."

"आदर दाखवायला."

"एवढा नको. खोटा वाटतो."

सहा प्रश्न बरे गेले. सातवा तिने कागदावर बघून वाचला. "तुम्ही ज्याची काळजी घेतली तो पेशंट वारला, तर तुम्ही काय कराल?" मी उत्तर पाठ केलं होतं, तीन वाक्यं होती. पहिलंच आठवेना. तिने मोबाईलवर वेळ लावला होता. थोडा वेळ तो तसाच चालला, मग तिने बंद केला.

"तो प्रश्न विचारत नाहीत," म्हणाली. "पुढचा."

कंटाळली असावी. नंतर तिने आपण होऊन भांडी घासली.

८ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा झाली. लिहून ठेवते म्हणजे डोक्यातून जाईल.

एकूण अठ्ठावन्न जण. माझ्या पुढे एक ट्रकचालक होता, बेचाळीस वर्षांचा, त्याच्या हाताला माझ्याहून जास्त घाम सुटला होता. रुमाल दिला. निबंध चांगला गेला.

मुलाखतीला तीन जण होते. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, बहुतेक पूर्वी मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन असाव्यात. मी दार तीनदा वाजवलं, डावीकडे उभी राहिले, सगळं केलं. वाटलं आता नर्स का व्हायचंय ते विचारतील. त्यांनी राजपत्राचं भाषांतर उचललं.

"आपलं पहिलं नावही बदललं. हे कसं ठरतं?"

मी सांगितलं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव काढतो, सगळे बघायला जमतात. शेजारचे गृहस्थ लिहून घेत होते.

"आपल्याला आवडलं का ते नाव?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पाठ केलेल्यात हे कुठेच नव्हतं. मी म्हटलं, मला वाटत होतं की ते त्यांनी शोधलं, म्हणून आवडत होतं. सहा आठवड्यांपूर्वी कळलं की ते सासूबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं आणि नवऱ्याने परीक्षेत कॉपी करतात तसं काढलं. त्यांना जुनंच हवं होतं. म्हणून त्यांनी मला कधी कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

मधल्या बाई हसल्या. मग मीही हसले. मुलाखतीत. लिहिणारे गृहस्थ लिहायचे थांबले.

"मग आता त्यांना विचारलंत का?"

"नाही. ते गेल्या वर्षी मे महिन्यात गेले."

 मी माफी मागायला हवी होती, त्याऐवजी बोलतच राहिले. मोरिता-सानचं सांगितलं, कोमट पाणी, उजवा कान, आरसा. माझा आवाज मशीनसारखा नव्हता, नेहमीचाच होता. दहा मिनिटांची मुलाखत, मी वीस मिनिटं घेतली. बाहेर आले तेव्हा ट्रकचालक म्हणाला, आतून हसायचा आवाज आला, काय विचारलं?

नापास होणार हे उघड आहे. मुलाखतीत हसायचं नसतं, हे तर नुपूरच्या वहीतही लिहिलं आहे. पण येताना मी चार स्टेशनं उभ्यानेच आले, आणि बसायला जागा रिकामी होती हे उतरताना कळलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला निकाल वेबसाइटवर. दहा क्रमांक, त्यात सत्तावीस नाही. खाली वेगळ्या चौकटीत प्रतीक्षा यादी, तीन क्रमांक. सत्तावीस दुसरा.

उत्तीर्ण झालेल्यांपैकी दोघांनी प्रवेश सोडला तर मला फोन येईल. फोन लागला नाही, तर त्याच दिवशी पुढच्याला करतील. १५ डिसेंबरपर्यंत.

ओगावा-सान म्हणाले, "दोघांनी मरायला नको. नुसतं मन बदललं तरी पुरे." सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पोस्टाच्या परीक्षेत त्याही प्रतीक्षा यादीत चौथ्या होत्या. मी विचारलं, मग? "मग काय, बत्तीस वर्षं नोकरी केली."

कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून ठरवलं की दुपारी नुपूर शाळेतून आली की माझा फोन तिच्याकडे. सकाळी मी तो घरीच ठेवून जाते. शाळेच्या अर्जावर दुसरा म्हणून डे सेंटरचा नंबर द्यायचा रकाना होता, तो मी रिकामा सोडला होता. नर्सिंगचं तिथे अजून कोणाला सांगितलं नव्हतं, ओगावा-सान सोडून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन नाही. ट्रकचालक पास झालाय. त्याचा क्रमांक सव्वीस होता.

९ डिसेंबर, मंगळवार

फोन नाही. सहा दिवस राहिले. ओगावा-सान म्हणतात पुढच्या वर्षीच्या निबंधाला आत्ता सुरुवात करू. मी म्हटलं, बरं. खरं तर मला पुढच्या वर्षीचं नको आहे, याच वर्षी हवंय. हे मी कोणाला बोलले नाही. इतकं हवं असेल, असं जूनमध्ये वाटलं नव्हतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज दुपारी मी ओगावा-सानचे पाय गरम पाण्याच्या टबात ठेवून त्यांची नखं कापत होते. समोरचं दार सरकलं आणि नुपूर आत आली. शाळेचा खेळाचा गणवेश, केस विस्कटलेले, बूट पायातच. या मुलीने जन्मात कधी बूट घालून घरात पाऊल टाकलेलं नाही.

"मम्मी, आला. फोन आला."

तिला धाप लागली होती. मी तिला बसवायला गेले, तर तिने फोन माझ्या हातात कोंबला. काताओका-साननी तीन वाजून वीस मिनिटांनी फोन केला होता. नुपूरने उचलला. ते म्हणाले उत्तर अर्जदारानेच द्यावं लागतं. ती म्हणाली, आई कामावर आहे, मी फोन घेऊन तिच्याकडे पोचते, कृपया थांबा. ते म्हणाले, किती वेळ? ती म्हणाली बारा मिनिटं. त्यांनी सांगितलं, चार वाजेपर्यंत थांबतो, त्यानंतर पुढच्या व्यक्तीला करावा लागेल. ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तीन एकेचाळीस झाले होते. बारा मिनिटांच्या वाटेला एकवीस का लागली, सायकलची चेन पडली की काय, ते ती अजून सांगत नाहीये.

आमच्या मॅनेजर बाई धावत आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. ओगावा-साननी टबातूनच सांगितलं, "शाळेचा फोन आहे. सगळ्यांनी गप्प बसा." अकरा म्हातारी माणसं गप्प बसली. टीव्हीसुद्धा कोणीतरी बंद केला.

काताओका-साननी लगेच उचलला. आणखी एक जागा रिकामी झाली आहे. आपला प्रवेश घ्यायचा मानस आहे का?

याचं उत्तर मी प्रतीक्षा यादी लागल्यापासून पाठ केलं होतं. सादर, नम्रपणे, माझ्यासारखीला, असं लांबलचक वाक्य होतं, ओगावा-साननी स्वतः बसवून दिलेलं. ते टबातून मला ओठ हलवून सांगतही होते.

"आहे," म्हटलं. "हो. आहे."

"ठीक," काताओका-सान म्हणाले. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "बरं झालं. आपली फाईल जाड आहे, परत लावायला फार वेळ लागला असता."

सोमवारी दुपारपर्यंत कागद घेऊन जायचं आहे. मॅनेजर बाई रडल्या, मी नाही. समोरच्या आजींनी विचारलं, या मुलीचं लग्न ठरलं का? ओगावा-सान म्हणाले, "अभिनंदन नंतर. पाणी गार झालंय." खरंच झालं होतं. किटलीतलं घालून दिलं. मग विचारलं, पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं? मी म्हटलं, विसरले. "लांबच होतं ते," म्हणाले.

नुपूरने बूट काढले आणि जिथे जिथे पाऊल उमटलं होतं तिथे तिथे फरशी पुसली. चारच्या गाडीत सगळे वेळेवर बसले.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. "झालं," म्हटलं.

"झालं ना," म्हणाल्या. मग थोडा वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता. डिसेंबरातही त्या पंखा लावतात.

"शाळा किती वाजता भरते?"

"पावणेनऊला. घरातून साडेसातला निघेन."

"मग नुपूरच्या डब्याचं काय?"

"चौदा वर्षांची आहे आई, करेल तिचं ती."

"करतेय. कोन्बिनीतलं विकतचं खाईल. आणि संध्याकाळी?"

मी म्हटलं, होईल सगळं. मला वाटलं आता नको म्हणणार. त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये तिकडे थंडी किती असते गं? मागच्या खेपेला माझ्या काही लक्षातच आलं नाही."

"सकाळी दहा-बारा अंश."

"म्हणजे स्वेटर एक पुरेल की दोन?"

"नुपूरकडे चार आहेत, तिला नका पाठवू."

नुपूर शेजारी बसून ऐकत होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गणितात नापास झालेय. मग माझ्या हातातून फोन घेतला.

"दोन आण, आजी," म्हणाली.